व्हॅली ऑफ फ्लॉवर्स + हेमकुंड साहिब गुरुद्वारा (उत्तराखंड) : आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

यवतेश्वर_पायथा :
साताऱ्याहून आम्ही तिघं. आई 61 वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू आहे. कास सप्टेंबरात फुलतं म्हणून तोच महिना धरलाय. ऋषिकेशहून चार दिवस पुरतील का? सध्या रोज अजिंक्यतारा चढतोय, तेवढी तयारी चालेल? उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी घ्यावी का?

घाटवाट :
कासचं वेळापत्रक तिथे लागू नाही. बर्फ जूनपर्यंत वितळत असतं, सप्टेंबरात थंडी सुरू. सगळा फुलोरा मधल्या दोन-अडीच महिन्यांत उरकतो. मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट धरा. सप्टेंबरात गवत पिवळं पडतं, पण आकाश मोकळं असतं. शिखरंच बघायची असतील तर तेही वाईट नाही. एकाच रंगाच्या गालिचाची अपेक्षा मात्र नको. तेरड्याचे भाऊबंद तिथेही आहेत, काही तर डोक्याएवढे उंच!

चार दिवस कमीच. ऋषिकेश-जोशीमठ एक अख्खा दिवस. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने पुलना, मग साधारण 10 किमी चालून घांघरिया (मुक्कामाचं गाव, सुमारे 3,050 मी). तिसरा दिवस व्हॅली, चौथा हेमकुंड, परतीला दोन. शिवाय एक दिवस दरडींसाठी मोकळा ठेवा. घाटात रात्री गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे दरड संध्याकाळी हटली तरी तो दिवस गेलाच समजा.

मिरजकर_सॅक :
व्हॅली आधी, हेमकुंड नंतर. हा क्रम उलटा करू नका. हेमकुंड 4,300 मीटरच्या वर. 6 किमीत जवळपास 1,200 मीटरची चढण. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्या आसपास. अजिंक्यताऱ्याने पाय आणि दम तयार होतो, विरळ हवेची सवय होत नाही. ती घांघरियातल्या मुक्कामाने होते. आईंना हेमकुंडला घोडा मिळेल, पण घोड्यावर बसून उंची आणखी झपाट्याने वाढते, हे लक्षात असू द्या. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणं दिसलं तर वाट न बघता खाली उतरवा. गोळी घेऊन लक्षणं दाबायची आणि वर चढत राहायचं, हे सर्वांत घातक.

डायमॉक्स सहसा 125 मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण तिने लघवी वाढते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढते. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगावं लागतं. आईंच्या डॉक्टरांना सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवूनच ठरवा.

यवतेश्वर_पायथा :
धन्यवाद दोघांनाही. मग जुलैअखेर जातो. व्हॅलीत घोडा नाही का? आणि पावसाचं काय?

घाटवाट :
व्हॅलीत खेचरं-घोडे नेऊ देत नाहीत, आणि आत मुक्कामही नाही. सकाळी गेट उघडताच शिरा, कारण दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी 5 पर्यंत बाहेर यावं लागतं. आईंना जमेल तितकंच आत जा. फुलं पाहायला शेवटच्या टोकापर्यंत जावं लागत नाही.

पावसात सॅकचं कव्हर पुरत नाही, पाठीकडून पाणी झिरपतं. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि कपडे तिच्यात. पुलन्याच्या वाटेवर लिदीने फरशा निसरड्या होतात, तेव्हा खोल खाचांचे बूट आणि काठी हवीच. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. ओझ्याचा धक्का लागतो. रोख पैसे जोशीमठातच काढून घ्या.