दादरला एका मिनिटात पश्चिम-मध्य! मार्गशोधक नेमका कुठे गंडतोय?

खिडकीसीट
ओपनट्रिपप्लॅनर २ (मार्ग शोधणारं खुलं सॉफ्टवेअर) वर मुंबईचा मार्गशोधक उभा करतोय: लोकल, मेट्रो, बस आणि चालणं. वेळापत्रकं जीटीएफएसमध्ये (वेळापत्रकं लिहायच्या ठरलेल्या फाइल-रचनेत) हाताने भरलीत, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. तीन ठिकाणी अडलंय. दादरला पश्चिम रेल्वेची गाडी ९:०४ ला आली की हा मध्य रेल्वेची ९:०७ ची पकडायला सांगतो, त्यात चालायला धरतो फक्त एक मिनिट. मध्यरात्रीनंतरच्या लोकल उत्तरात येतच नाहीत. आणि बस-मग-लोकल असा मार्ग कागदावर जुळतो, रस्त्यावर जुळणार नाही. ट्रान्सफर स्लॅक (गाडी बदलताना राखलेला जादा वेळ) वाढवून पाहिला, तर घाटकोपरचा मेट्रो-लोकल बदलही उगाच लांबला.

पूलकर
ट्रान्सफर स्लॅक सगळ्या शहराला लागतो, त्याने दादर सुटणार नाही. तो मुळातल्या २ मिनिटांवर परत आणा. तुमची ती ३ मिनिटं म्हणजे हाच स्लॅक अधिक एक मिनिट चाल.

ती चाल एकच मिनिट का? स्टॉपला पाथवे (स्थानकाच्या आतल्या वाटा) दिलेले नसतील तर तो जवळच्या पायवाटेला जोडला जातो. दादरला फलाटाच्या डोक्यावरच पूल आहे, तीही पायवाटच. म्हणजे प्रवासी थेट पुलावर उगवतो, जिना गायब. नकाशात तपासा: जिन्याच्या रेषेचा खालचा बिंदू फलाटाशी सामायिक आहे का? नुसत्या एकमेकींवरून गेलेल्या रेषा जोडलेल्या नसतात.

पक्का उपाय जीटीएफएसमधली पाथवेज फाइल. दादर हे पालक स्थानक, प्रत्येक फलाट वेगळा स्टॉप, प्रवेशद्वारं वेगळी (लोकेशन टाइप २). मग फलाट → जिना (मोड २) → पुलावरची चाल (मोड १) → जिना → फलाट, प्रत्येकाला सेकंदांत वेळ. दोन्ही दिशांचा रकाना १ करायला विसरू नका, नाहीतर जाता येतं, परतता येत नाही. या फाइलमध्ये सकाळ-दुपार असा फरक करता येत नाही, म्हणून गर्दीतलीच वेळ भरा. दुपारचा प्रवासी दोन मिनिटं आधी पोहोचला तर कुणी तक्रार करत नाही.

आणि स्टॉप आयडीत फलाट क्रमांक घालू नका. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे मध्यचे फलाट ८ ते १४ झाले. क्रमांक फलाट-कोडच्या रकान्यात ठेवा, आयडी कायमचा.

मेगाब्लॉक
मध्यरात्रीचं: २३:५० ला सुटलेली गाडी ००:५५ ला पोहोचते असं लिहिलं असणार. वेळ मागे गेली, फेरी बाद. तिथे २४:५५:०० हवं, सेवेचा दिवस आदल्या तारखेचाच. ००:१० ला सुटणारी शेवटची लोकलही २४:१० च, नाहीतर शनिवारची रात्र रविवारच्या कॅलेंडरात जाते. ग्राफ (मार्गांचं जाळं) बांधण्याआधी फीड, म्हणजे जीटीएफएसच्या फाइल्स, व्हॅलिडेटर या तपासनीसातून काढा, मागे गेलेली वेळ तिथेच पकडली जाते.

रविवारच्या ब्लॉकसाठी कॅलेंडर-डेट्स ही तारखांच्या अपवादांची फाइल: रद्द सेवेला अपवाद २, जादा सेवेला १. हा अपवाद अख्ख्या सेवा-आयडीला (एकाच कॅलेंडरवर धावणाऱ्या फेऱ्यांच्या गटाला) लागतो, एकेका गाडीला नाही. सगळ्या लोकल एकाच आयडीखाली असतील तर ब्लॉकच्या दिवशी सगळ्याच जातील. ब्लॉकच्या वेळेतल्या गाड्यांना वेगळा आयडी द्या. जलद गाडी धीम्या मार्गावर वळवली तर तिचे थांबे बदलतात, म्हणून ती नवीन फेरी.

चौथीसीट
बससाठी बोर्ड स्लॅक वाढवा, ५ मिनिटं.

पूलकर
उलटं होईल. बोर्ड स्लॅक म्हणजे थांब्यावर बसच्या आधी किती वेळ पोहोचायचं. इथे बस उशिरा पोहोचते आणि पुढची लोकल चुकते, तेव्हा बसचा अलाइट स्लॅक (उतरल्यावर राखायचा वेळ) वाढवायला हवा. ६ मिनिटांपासून सुरू करा. तो बस या एका साधनापुरता देता येतो, त्यामुळे घाटकोपरला धक्का नाही.

चौथीसीट
मान्य. पण लोकल-मग-बसला तो वाया जातो, शेवटी उतरल्यावरही ६ मिनिटं मोजली जातील. दाखवताना ती पोहोचण्याच्या वेळेतून वजा करा.

खिडकीसीट
दादरचे जिने नकाशात तपासले. मधल्या पुलाचे दोन जिने फलाटाला जोडलेलेच नव्हते, जोडले. २४:५५ केल्यावर रात्रीच्या गाड्याही आल्या. आता पाथवेज भरायला घेतो. लिफ्टला मोड ५ ना?

पूलकर
हो. आणि वेळेत लिफ्टची वाट पाहणंही धरा.