दीड वर्षाच्या लेकीसाठी वडगाव-शहापूर भागात पाळणाघर हवंय, सल्ला द्या

चंदगडची लेक

नमस्कार मंडळी. माहेर महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, सासर कर्नाटकात, बेळगावात वडगावला. उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात हिशेबाचं काम करते, साडेनऊ ते सहा. नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या. मुलगी एक वर्ष सात महिन्यांची. आतापर्यंत सासूबाई सांभाळत होत्या, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना स्वतःलाच उठताना हात द्यावा लागतो.

दोन महिने मुलीला एका खाजगी ठिकाणी ठेवली होती. नाव घेत नाही. एक दिवस लवकर सुटले आणि न कळवता गेले. सहा मुलं भिंतीला टेकवून बसवलेली, समोर मोबाईल लावलेला. माझ्या लेकीची चड्डी गार पडलेली, म्हणजे कधीची ओली होती कोण जाणे, आणि ती रडतही नव्हती. रडत असती तर मला एवढं लागलं नसतं. त्याच संध्याकाळी तिची पिशवी उचलून आणली.

अंगणवाडीत बसवायला तीन वर्षं पूर्ण हवीत म्हणाले. इंग्रजी बालवाड्या बारा-साडेबाराला सुटतात. शेजारच्या अक्का सांगतात की खासबागेकडे बायकांच्या एका मंडळाने समुदाय भवनात दिवसभराचं केंद्र चालवलंय, तिथे गल्लीतल्या बायका पाळीपाळीने येऊन हातभार लावतात. अशा ठिकाणी मूल ठेवावं का? पगार नसलेली बाई किती दिवस येणार, हीच धास्ती आहे. कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

मागवाली, खासबाग

ताई, मी त्याच केंद्रात येते म्हणून लिहिते. माझा मुलगा तिथे अडीच वर्षं होता, आता शाळेत जातो.

आमच्याकडे घरोघरी माग. मागाच्या खोलीत आढ्याला साडीची झोळी बांधायची, पोर त्यात टाकायचं आणि पाय मोकळा झाला की एक झोका द्यायचा, असंच आम्ही सगळ्या वाढलो. यंत्रमाग आल्यावर तेही जमेना. त्या खडखडाटात मूल रडलेलं ऐकूच येत नाही. माझा मुलगा एकदा झोळीतून उतरून मागाच्या पट्ट्याजवळ गेला होता. मी मान वळवली म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले.

चौदा मुलं, दोन पगारी मावश्या. बाकी आम्ही. प्रत्येकीचा वार आणि वेळ ठरलेली, माझा मंगळवार दुपारी दोन ते चार. मुलांचं आवरणं, भरवणं, झोपवणं मावश्यांकडे. आम्ही भाजी निवडतो, दुपटी धुतो, मोठ्या मुलांना गोष्ट सांगतो, दाराशी बसतो. दाराशी एक वही असते. मूल कुणी आणून सोडलं, काय खाल्लं, किती वाजता झोपलं, शी कशी झाली आणि न्यायला कोण येणार, सगळं त्यात. वहीत नाव नसलेला माणूस आला तर मुलाचा मामा असला तरी मूल मिळत नाही. एकदा माझ्या सख्ख्या दिरालाच परत पाठवलं. घरी चिडले होते सगळे. मला मात्र त्या दिवशी केंद्राची खात्री पटली.

पैसे महिन्याला बसतात, ज्याच्या घरची जशी ताकद तसे. जी आई कमी देते तिच्याकडून वेळ जास्त मागतात.

बायका टिकतात का, हे तुम्ही बरोबर विचारलंत. "जमेल तेव्हा येते" म्हणणारी टिकत नाही. वार ठरवून घेतलेली टिकते. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली, त्याचाही फार उपयोग झालाय. धामणे, येळ्ळूरकडच्या तिघीजणी त्यामुळेच नेमाने येतात, आधी तिकिटाचे पैसे कुणाकडे मागायचे हाच प्रश्न असायचा.

टीचरबाई, येळ्ळूर

मी अंगणवाडीत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बाळ, एक चूक करू नकोस. पाळणाघर कुठलंही धर, पण तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत मुलीचं नाव आधी नोंदव. तीन वर्षं लागतात ती रोज येऊन बसायला. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन-उंची घेणं, लस बघणं आणि घरी न्यायला शिधा देणं हे अंगणवाडीचंच काम. 2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना सुरू झाली तेव्हापासून लहान मुलं आणि बाळंतिणी त्यात आहेतच. पुष्टीचं पीठ मिळतं त्याला नाक मुरडू नकोस. दुधात शिजवून थोडा गूळ घातला की मुलं आवडीने खातात. पुढे ती तीन वर्षांची होऊन बसायला लागली की गरम जेवण आणि दूधही आहे, आपल्या राज्यात दूध 2013 पासून देतात.

माहेरी बाळंतपण झालं असेल तर मुलीचं नाव तिकडच्या अंगणवाडीत असणार. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नाव हलवता येतं. तिकडच्या बाईंना फोन कर आणि इकडे तायी कार्ड (बाळंतपणाच्या वेळचं आई-बाळाचं कार्ड) किंवा तिकडचं जे कार्ड असेल ते घेऊन जा.

खेड्यात राहणाऱ्या कुणी हा धागा वाचत असतील तर ग्रामपंचायतीत 'कूसिन मने'ची चौकशी करा. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी पंचायतीने चालवायचं पाळणाघर आहे ते. शहरात तो उपयोग नाही.

आता केंद्र कसं बघावं. भिंतीवरची चित्रं बघू नकोस, मोरी बघ. मोरी कोरडी असेल, हात धुवायचा साबण मुलांच्या उंचीवर असेल, पिण्याचं पाणी झाकलेलं असेल तर बाकीचंही बहुतेक ठीक असतं. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक शिकलेली बाई आणि मदतीला आणखी एक, हे सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. चौदा मुलांना दोन मावश्या आणि मदतीला बायका असतील तर गणित जमतं, पण एक मावशी रजेवर गेली की कोण येतं ते विचार. आणि जेवणाच्या वेळी जा. मूल कसं भरवतात त्यावरून सगळं कळतं.

निपाणीकर

ताई, कारखान्यात किती माणसं आहेत? पन्नास किंवा त्याहून जास्त असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघून येण्याची मुभाही. 2017 च्या दुरुस्तीत ते आलं. उद्यमबागेत बरीच युनिटं पन्नासच्या आत आहेत हे खरं, पण शेजारच्या चार-पाच युनिटांनी मिळून केंद्राला महिन्याची रक्कम दिली तर सगळ्यांचंच भलं होईल. मालकाशी बोलून बघा. दोघी-तिघी मिळून गेलात तर ऐकून घेतील.

हे मी तळमळीने लिहितोय. माझी आजी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि पान, आणि सुपाच्या काठाला धरून उभं राहिलेलं आमच्यातलं कुणीतरी. आईच्या पदराला दुधाचा नाही, तंबाखूचा वास यायचा असं माझे वडील सांगतात. त्या बायकांना कुणी चार तास मूल धरलं असतं तरी किती फरक पडला असता.

चंदगडची लेक

काका, आम्ही तेवीसजण आहोत. पण शेजारच्या युनिटात दोघी आहेत लहान मुलांच्या आया, त्यांच्याशी बोलते. टीचरबाई, मोरीचं लक्षात ठेवलं.

अजून एक विचारायचं राहिलं. त्या केंद्रातली एक मावशी गोकाककडची आहे, तिला मराठी मोडकंतोडकंच येतं म्हणे. माझी लेक अजून दोन-तीनच शब्द बोलते, आणि तेही आम्हालाच कळतात.

खानापूर रोड

याची काळजी करू नका, पण तयारी करा. आमच्या मुलाच्या वेळी मी एका कागदावर त्याचे शब्द लिहून दिले होते. 'भू' म्हणजे पाणी, 'मम्मं' म्हणजे भात, 'आऊ' म्हणजे कुठेतरी दुखतंय, आणि कान ओढायला लागला की झोप आलीय. समोर कन्नडमध्ये अर्थ, माझ्या मैत्रिणीकडून लिहून घेतले. मावशीने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

महिन्याभरात मुलगा घरी "नीरु बेकु" म्हणायला लागला आणि मावशी त्याला "ये रे बाळा" म्हणायला लागल्या. झोपवताना 'जो जो' तर दोन्हीकडे तेच आहे. आपल्या भागात दोन भाषा कानावर पडून वाढणं हे मुलाचं नुकसान नाही. मराठीची काळजी घरी घ्यायची, रात्री गोष्ट सांगायची, आजीशी बोलू द्यायचं. मोठ्यांची भांडणं त्या झोळीपर्यंत नेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

जुना अनगोळकर

मी निवृत्त आहे, अशाच एका केंद्रात आठवड्यातून दोन सकाळी जातो. लाकडी खेळण्यांची चाकं बसवतो, धान्य आणून देतो. पालकांनी एवढं जरूर विचारावं : सेवेला येणारं माणूस, बाई असो की पुरुष, मुलांबरोबर एकटं सोडतात का? आमच्याकडे सोडत नाहीत. कपडे बदलणं, मोरीत नेणं फक्त मावश्यांनी. मला पहिल्याच दिवशी तसं सांगितलं, आधार कार्डाची प्रत घेतली, ओळखीच्या दोन माणसांकडे चौकशी केली. मला त्यात कमीपणा वाटला नाही. ज्या ठिकाणी असं विचारत नाहीत तिथे मी माझी नात ठेवणार नाही. आणि 1098 हा मुलांसाठीचा नंबर दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

चंदगडची लेक

जाऊन आले. एकदा सांगून, एकदा न सांगता, दुपारी साडेबाराला.

दारातच थांबवलं. "बाळं झोपूलेत, जरा थांबा," म्हणून एका आजींनी मला ओट्यावर बसवलं आणि वहीत माझं नाव, वेळ लिहायला लावली. आत बघितलं तर गोकाकच्या मावशी एका मुलाला मांडीवर घेऊन भरवत होत्या. वरण-भात, बारीक कुस्करलेला. मूल तोंड फिरवत होतं. त्यांनी घास परत ताटलीत ठेवला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खिडकीबाहेरची शेळी दाखवली आणि तोंड उघडल्यावरच घास दिला. दहा मिनिटं मी तेवढंच बघत होते. मोरी कोरडी होती.

सोमवारपासून लेक जाणार. पहिला आठवडा दोनच तास, मग वाढवत न्यायचं असं मावशींनीच सुचवलं. पुढचे काही दिवस अर्धी रजा मिळाली आहे. केंद्र सहाला बंद होतं आणि मी सुटतेच सहाला, म्हणून वहीत न्यायला येणारं म्हणून नणंदेचं नाव घातलंय. मी शनिवारची दुपार घेतली, त्या दिवशी आमचं ऑफिस दोनला सुटतं. दुपटी धुण्याचं काम मिळालंय. माझं आधार अजून चंदगडच्या पत्त्यावर आहे, तेव्हा बसला तिकीट काढावं लागतंय, पत्ता बदलायला दिलाय.

शब्दांचा कागद लिहिला. तिचे तीन शब्द समजत होते, लिहायला बसल्यावर अकरा निघाले. खानापूर रोडवाल्या ताई, समोरचं कन्नड तेवढं तपासून द्याल का?

खानापूर रोड

पाठवा की. आजच रात्री बघून देते.