‘केअरगिव्हर’ला मराठीत काय म्हणायचं?

पारिजातक: आईला डिमेन्शिया आहे. परवा एका मराठी माहितीपत्रकात माझ्यासाठी ‘काळजीवाहू’ असा शब्द दिसला. त्यापुढे ‘मुख्यमंत्री’ नाही म्हणून चुकल्यासारखं झालं! दुसरा शब्द आहे का?

जुनीवही: ‘शुभंकर’. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात (कंपवाताच्या रुग्णांचा आधारगट) रुग्ण तो शुभार्थी आणि सांभाळणारा तो शुभंकर.

पारिजातक: शब्द गोड आहे. पण रात्री तीनला चादर बदलताना मी दातओठ खात असते, तेव्हा तो अंगाला लागत नाही.

शब्दवेडा: ‘शुश्रूषा’ घ्या (‘सुश्रूषा’ नव्हे). मूळ धातू ‘श्रु’. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा.

पारिजातक: “बाबा कधी येणार?” हे दिवसातून चाळीसदा ऐकण्याची इच्छा? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

माजघर: घरात आपण नाम वापरतच नाही. “त्यांचं कोण करतं?” “धाकटी सून करते.” काय करते ते बोलायचं नाही. हगणंमुतणं, भरवणं, जागरण, सगळं त्या ‘करते’त.

पारिजातक: आणि करणारीचं जे होतं त्याला? ‘थकवा’ म्हटलं की लोक झोप काढायला सांगतात. बर्नआउट म्हणू?

शब्दवेडा: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या वर्गीकरणात, बर्नआउट फक्त नोकरी-कामाच्या ताणाला लावलाय, आयुष्यातल्या इतर गोष्टींना लावू नका असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे पगार नसेल तर बर्नआउटही नाही! सांभाळणाऱ्यांसाठी झरिट या संशोधकाची प्रश्नावली आहे, 22 प्रश्नांची. तिथला शब्द सरळ ‘ओझं’. माणूस जवळ असताना राग येतो का, आणि त्याच्यासाठी आणखी करायला हवं असं वाटतं का, हे दोन्ही त्यात विचारतात.

पारिजातक: माझं दोन्हींना ‘हो’. एकाच तासात.

माजघर: आमच्याकडे त्याला ‘जीव विटणं’ म्हणतात. रागही त्यात आला, मायाही.

माजघर: एक क्रियापद राहिलं. सासरे सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. गेले त्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, “सुटले हो!” मीही म्हटलं, “सुटले.” आदरार्थी ‘ते सुटले’ आणि बाईचं ‘मी सुटले’, रूप एकच. मी कुठलं म्हटलं ते कुणी विचारलं नाही. तेरावा होईपर्यंत मला मात्र दुसरा विचार नव्हता.