मदत हवी आहे: वर्ग तोंडी जमतात, वर्गमूळ दशांशात गेलं की अडतं

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने कागद न घेता वर्ग आणि वर्गमूळं काढायचा सराव करतोय. मनापासून आवडतंय, पण दोन ठिकाणी अडलंय.

जमतं ते आधी सांगतो. शेवटी ५ असेल तर प्रश्नच नाही: ६५ साठी ६ गुणिले ७, बेचाळीस, पुढे २५, झाले ४२२५. पन्नाशीच्या आसपास असेल तर २५ मध्ये फरक मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा आणि पुढे फरकाचा वर्ग लिहायचा. ५३ चे २८ आणि ०९, म्हणजे २८०९. इथे ३८ ला मी बरेच दिवस चुकत होतो. २५ वजा १२ म्हणजे १३, बाराचा वर्ग १४४, आणि उत्तर सांगायचो १३१४४. फरकाच्या वर्गाला दोनच घरं असतात, तिसरा अंक हातचा, म्हणून १४४४. हे आता अंगवळणी पडलंय.

पहिली अडचण: ६७, ७३ असल्या संख्या पन्नासलाही लांब आणि शंभरलाही. फरकाचा वर्गच मोठा होतो आणि हातचे विसरायला होतात.

दुसरी अडचण जास्त छळते. पूर्ण वर्गाचं मूळ येतं. ७३९६ घ्या. शेवटी ६, म्हणजे मुळाचा एकक ४ किंवा ६. ७३ हे ६४ आणि ८१ च्या मध्ये, म्हणून दशक ८. ८५ चा वर्ग ७२२५, आपली संख्या त्याहून मोठी, म्हणून ८६. पण १९०० सारखी संख्या आली की संपलं. ४३ चा वर्ग १८४९, उरले ५१. एका पद्धतीत ५१ ला ८६ ने भागतात, दुसरीत ८७ ने. उत्तरं येतात ४३.५९३ आणि ४३.५८६. कॅल्क्युलेटर म्हणतो ४३.५८९. असं का होतं? आणि दोन दशांश स्थळं तरी खात्रीने कशी मिळवायची? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

६७ साठी पन्नास-शंभर विसरा, जवळचा दशक धरा. ७० गाठायला ३ वाढवले, तर तेवढेच ३ कमी करून ६४. सत्तर चौसष्टे ४४८०, त्यात तीनाचा वर्ग ९, झाले ४४८९. ७३ ला ७० गुणिले ७६, अधिक ९, म्हणजे ५३२९. फरक कधीच पाचाच्या वर जात नाही, त्यामुळे हातच्याचा त्रासही राहत नाही.

प्रतिसाद २

८६ आणि ८७ दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ८६ म्हणजे ४३ ची दुप्पट. तिने भागलं की उत्तर नेहमी थोडं जास्त येतं, कारण उरलेल्या अपूर्णांकाचा वर्ग आपण सोडून देतो. ८७ हे ४३ आणि ४४ च्या वर्गांमधलं अंतर. तिथे आपण दोन वर्गांमधली वाट सरळ रेषेची धरतो, म्हणून उत्तर कमी पडतं. खरं उत्तर कायम या दोघांच्या मध्ये.

आता तुमची पाचाची युक्ती इथे आणा. ४३.५ चा वर्ग म्हणजे ४३ गुणिले ४४, अधिक पाव: १८९२.२५. उरले फक्त ७.७५. ते ४३.५ च्या दुपटीने, म्हणजे ८७ ने भागा. ०.०८९. उत्तर ४३.५८९! सोडून दिलेला तुकडा आता इतका लहान आहे की पहिली तीन दशांश स्थळं बरोबर येतात. सुरुवात जितकी जवळून, तितकी चूक कमी; अंतर निम्मं झालं तर चूक साधारण पाव होते.

धागाकर्ता

मनापासून आभार! ८७ चा अर्थ आज कळला. सकाळी ३००० वर करून पाहिलं. ५४.५ चा वर्ग २९७०.२५, उरले २९.७५, आणि त्याला १०९ ने भागताना पुन्हा अडलो. मग ५५ धरला. ३०२५, म्हणजे २५ जास्त. २५ भागिले ११० म्हणजे ०.२२७, ते ५५ मधून वजा, ५४.७७३. खरं उत्तर ५४.७७२. म्हणजे अर्धा धरायचा की पूर्ण, हे जवळ कोण आहे यावरच ठरवायचं ना? तीन अंकी संख्यांसाठीही हीच रीत चालते का, तेवढं सांगा.