प्लेटची कड इतकी लांब, मग किल्लारी का हादरली?

मीनल_कांजूर:
नमस्कार. मुलगा आठवीत आहे. भूकंप प्लेटांच्या कडांवर होतात असं त्याने वाचलं आणि लगेच आजीला विचारलं, "मग तुमच्याकडे कसा झाला?" सासूबाई उमरग्याच्या. किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या मावशीचं अख्खं घर गेलं. त्या काही न बोलता आत निघून गेल्या. आता उत्तर मला द्यायचंय. हिमालय कुठच्या कुठे, समुद्रातली कडही लांब. मग मराठवाड्यात भूकंप कसा? आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, मुंबईला कितपत धोका?

गिरगावकर_काका:
मीनलताई, मुलाला शाबासकी द्या, प्रश्न नेमका आहे. १९९३ मध्ये मी नुकताच नोकरीला लागलेला सिव्हिल इंजिनिअर होतो आणि पाहणीसाठी किल्लारीला गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

धड्यात लिहिलंय ते खरंच आहे, बहुतेक भूकंप कडांवरच होतात. आपली प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकत उत्तर-ईशान्येला जाते आणि सुमारे ५ कोटी वर्षांपासून आशियाला रेटते आहे. पण तो रेटा हिमालयाच्या पायथ्याशी संपत नाही, पार आतपर्यंत खडकात दाब साचतो. आपल्या काळ्या कातळाखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे आणि त्यात जुन्या भेगा आहेत. दाब सोसवेनासा झाला की एखादी भेग घसरते. कडेवर हे वारंवार होतं, प्लेटच्या पोटात क्वचित. म्हणूनच तिथे कुणी त्या तयारीने घर बांधत नाही.

३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला थोडा अवकाश. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं गाढ झोपलेली. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगात ६ च्या वरचे भूकंप दरवर्षी शंभरावर होतात, इथे मात्र जवळपास १० हजार माणसं गेली. का, ते तिथे ढिगाऱ्यात दिसत होतं. माळवदाची घरं: लाकडाच्या छतावर मातीचा जाडजूड थर. भिंती भरभक्कम रुंद, पण बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि बारीक दगड. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही. हादरा बसला तसे थर एकमेकांपासून सुटले आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. काही घरांत खणाचे लाकडी खांब तसेच उभे आणि भोवतालच्या भिंती जमीनदोस्त, हेही पाहिलं. सासूबाईंना जमेल तेव्हा हे जरूर सांगा. त्यांच्या माणसांची काही चूक नव्हती, उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं सगळे बांधत होते.

डहाणू_तलासरी:
काकांनी लिहिलंय त्यात आमच्याकडचं जोडतो. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे छोटे छोटे धक्के सुरू झाले. केंद्र फार खोल नसल्यामुळे आधी जमिनीतून गडगड ऐकू येते, मग भांडी हलतात. तेव्हा लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले होते. प्लेटची कड इथेही नाही.

वरळी_सीफेस:
व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, 'आज रात्री मुंबईत भूकंप', त्यात किती तथ्य असतं?

गिरगावकर_काका:
शून्य. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं आज जगात कुणालाही जमत नाही. जपानमध्ये इशारा मिळतो तो भूकंप सुरू झाल्यानंतर. पहिल्या लाटा वेगवान आणि सौम्य असतात, नुकसान करणाऱ्या मागून येतात, मधल्या काही सेकंदांत गाड्या थांबवतात. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, एवढी कळकळीची विनंती.

मीनलताई, मुंबईबद्दल. वर्षानुवर्षं ज्या नकाशावर आम्ही डिझाइन केलं त्यात मुंबई तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथे जाणवला होता, २६ जानेवारी २००१ चा भूजचाही. भूजच्या वेळचं एक उदाहरण मी प्रत्येक सोसायटीत सांगतो. अहमदाबाद केंद्रापासून दोनशेवर किलोमीटर, तरी तिथे इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारती खाली मोकळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले अशा होत्या. वरचा भाग ताठ, खालचे कॉलम एकटे, सगळी मोड तिथेच. मुंबईत असं बांधकाम गल्लोगल्ली आहे, आणि शहराचा बराच भाग भरावावर. भरावाची मऊ जमीन कातळापेक्षा जास्त हलते.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवती रिंगा असतात ना, त्यांची टोकं नुसती काटकोनात दुमडली तर हादऱ्यात उघडतात. ती १३५ अंशांत वाकवून काँक्रीटच्या आत घ्यायची असतात. त्याने फिटरचं काम वाढतं, म्हणून साइटवर टाळाटाळ होते. मी स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः वाकून बघत असे.

मीनल_कांजूर:
काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. खणाच्या खांबांचं ऐकून म्हणाल्या, "मावशीकडेही खांब उभेच होते." मग बराच वेळ मुलाशी बोलत बसल्या. आमच्या बिल्डिंगला खाली तीन मजले पार्किंग आहे. काय विचारू सोसायटीला?

गिरगावकर_काका:
स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा आणि पार्किंगच्या मजल्यांत शिअर वॉल (आडवा हादरा पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) कुठे आहेत ते दाखवायला सांगा. लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती खालपर्यंत अखंड आल्या असतील तर चांगलं. नंतर कुणी पार्किंगमध्ये कॉलमला छिद्रं पाडली असतील किंवा भिंत तोडली असेल तर तेही लेखी विचारा. घरात उंच कपाटं भिंतीला क्लँपने बांधून घ्या, मुलाच्या पलंगावरचं शेल्फ काढा. हलायला लागलं की जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नका, भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा. थांबल्यावर आधी गॅस बंद.