मदत हवी आहे: सात कलाकार, दहा आठवडे, कोणतं समकालीन नाटक घ्यावं?

रिकामी_विंग
हौशी ग्रुप आहे. पाच स्त्रिया, दोन पुरुष. प्रयोगाला दहा आठवडे, आठवड्याला दोन तासांच्या तीन तालमी. रंगमंच 24 फूट रुंद, डावीकडे विंगच नाही, दिवे 12. सातही जणांना खरं काम मिळायला हवं. 'टॉप गर्ल्स' आणि 'लव्ह अँड इन्फर्मेशन' (दोन्ही कॅरिल चर्चिलची) आणि 'गॉड ऑफ कार्नेज' (यास्मिना रेझाचं) ही परदेशी नाटकं डोक्यात आहेत. अनुवाद आम्हीच करू. कसं ठरवावं?

तिसरी_घंटा
आधी तास मोजा. 10 × 3 × 2 म्हणजे 60. त्यातले आठेक तास तांत्रिक आणि रंगीत तालमीत जातील. प्रयोगाच्या एका मिनिटाला तालमीचा एक तास, हा ढोबळ हिशेब धरला तर हातात पन्नासेक मिनिटांचं नाटक उरतं. दीड तासाचं करायचं तर आठवड्याला पाच तालमी हव्यात.

'टॉप गर्ल्स' (1982) मध्ये 16 भूमिका, सगळ्या स्त्रियांच्या. दुहेरी-तिहेरी भूमिका करूनही साधारण सात अभिनेत्री लागतात. शिवाय पहिल्या प्रवेशात संवाद एकमेकांवर चढतात. संहितेत तिरकी रेघ दिसली की समोरचीचं वाक्य चालू असतानाच आपलं सुरू करायचं. तिथे आपलं पाठांतर पुरत नाही, दुसरीच्या वाक्यातला नेमका शब्द कानात बसावा लागतो. तुमच्या वेळेत हे बसणार नाही.

'गॉड ऑफ कार्नेज'मध्ये चारच पात्रं, म्हणजे तिघं बसून राहणार. त्यात उलटीचा प्रसंग आहे, मध्यंतर नाही. पुस्तकं आणि कपडे भिजतात, ते पुसणंही संवादातच येतं. दर प्रयोगाला कपड्यांचा दुसरा जोड आणि पुस्तकांचा नवा संच लागेल.

काळोख_कमी_करा
माझं मत 'लव्ह अँड इन्फर्मेशन'ला (2012). पन्नासहून जास्त छोटे प्रवेश, आणि कुठलं वाक्य कोणाचं हे संहितेत दिलेलंच नाही. त्यामुळे वय आणि स्त्री-पुरुष हा प्रश्न सुटतो. लांबी दीड तासाच्या वर जाते हे खरं, पण बरेचसे प्रवेश दोघांचे आहेत. तीन जोड्या तीन कोपऱ्यांत एकाच वेळी बसवता येतात, दिग्दर्शकाने फिरत राहायचं. तिसरी_घंटा यांचा हिशेब इथे बदलतो.

घोटाळा होतो तो प्रवेशांच्या मध्ये. दर बदलाला 20 सेकंदांचा काळोख केलात तर 50 बदलांत जवळजवळ 17 मिनिटं अंधारात जातील आणि नाटक तिथेच मरेल. सगळ्यांना दोन्ही कडांना खुर्च्यांवर प्रेक्षकांसमोरच बसवा; विंग नसल्याचीही अडचण राहत नाही. दिव्यांचे तीन भाग करा, एक मंदावत असतानाच दुसरा उजळू दे. नाटकाचे सात विभाग आहेत, त्यांचा क्रम ठरलेला आहे, पण विभागातले प्रवेश पुढे-मागे करता येतात. तक्ता करा, उभे कलाकार, आडवे प्रवेश, आणि कोणीही लागोपाठ दोन प्रवेशांत येणार नाही असं पाहा.

अनुवादाचं मात्र आत्ताच ठरवा. मूळ इंग्रजीत बोलणारा पुरुष की स्त्री हे वाक्यावरून कळत नाही. मराठीत 'विसरलो' की 'विसरले' हे लिहावंच लागतं, आणि 'तू' की 'तुम्ही' लिहिलं की नातंही ठरतं. म्हणून भूमिका आधी वाटा, अनुवाद मग. अर्धवट तुटणारी वाक्यं तर जास्तच जपा. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य तुटलं की नेमका अर्थच गळतो. शब्दांचा क्रम फिरवून महत्त्वाचा शब्द तुटण्याआधी आणा.

रिकामी_विंग
हे लिंगाचं लक्षातच आलं नव्हतं. नाटकाच्या हक्कधारकांकडे परवानगी मागायची तर अर्जात काय काय लिहायचं?

तिसरी_घंटा
प्रयोगांच्या तारखा आणि संख्या, आसनसंख्या, तिकीट आहे की नाही. अनुवादाची परवानगी वेगळी मागा, चित्रीकरणाची आणखी वेगळी. एखादा प्रवेश गाळायचा असेल तर तेही याच अर्जात विचारा, आपल्या मनाने कात्री लावू नका. लेखी होकार येईपर्यंत जाहिरात करू नका. तोवर मूळ संहिता घड्याळ लावून मोठ्याने दोनदा वाचा; दुसऱ्या वाचनाला जोड्या बदला.