एकच म्युटेशन, एकच औषध, मग मेलॅनोमात (त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये) चालतं आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये का नाही?

मेघदूत_२२
एमएस्सी बायोटेकला आहे, सेमिनारसाठी टार्गेटेड थेरपी (कॅन्सरच्या नेमक्या बिघडलेल्या प्रोटीनवर बसणारी औषधं) घेतलीय. इमॅटिनिब या औषधापर्यंत सगळं कळलं, बीसीआर-एबीएल हे एक बिघडलेलं प्रोटीन, ते अडवलं की सीएमएल (एक रक्ताचा कॅन्सर) आटोक्यात. पण बीआरएएफ या प्रोटीनला आले आणि अडकले. त्याचं व्ही६००ई हे म्युटेशन मेलॅनोमात पण असतं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पण, अगदी तेच, व्हॅलिन या अमिनो आम्लाच्या जागी ग्लुटामेट. मग बीआरएएफ अडवणाऱ्या वेमुराफेनिबने मेलॅनोमाच्या साधारण निम्म्या पेशंटच्या गाठी आकसतात आणि आतड्याच्या ट्रायलमध्ये २१ पैकी फक्त एकाला प्रतिसाद, असं कसं? औषध तिथं पोचतच नाही का?

पेशीवेडा
पोचतं, आणि टार्गेटला नीट चिकटतं पण. गोची त्यानंतर होते. ईजीएफआर (पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर), आरएएस, बीआरएएफ, एमईके, ईआरके अशी पेशीला वाढायचा सिग्नल देणाऱ्या प्रोटीन्सची वरून खाली साखळी आहे ना, त्यात खालचं ईआरके जोरात चालू असलं की ते वरच्या ईजीएफआरला दाबून ठेवतं. तुम्ही मधलं बीआरएएफ अडवलं की ईआरके पडतं, ते पडलं की वरचा दाब सुटतो आणि ईजीएफआर उसळतं, मग सिग्नल दुसऱ्या वाटेने परत सुरू. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या ग्रुपने २०१२ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींत किनेजचे (असे सिग्नल पुढे देणाऱ्या एन्झाइमचे) जीन एकेक करून बंद केले आणि बघितलं की कुठलं बंद केल्यावर वेमुराफेनिबचा असर होतो, तर नाव आलं ईजीएफआरचं. मला हा प्रयोग फार आवडतो, प्रश्न इतका सरळ विचारलाय. मेलॅनोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळात फारच कमी असतं, आतड्याच्या अस्तरातून आलेल्या पेशींत भरपूर. म्हणून फरक.

रसायनी
वरचं बरोबर आहे, फक्त आरएएफच्या (बीआरएएफ आणि त्याची भावंडं प्रोटीन्स) जोड्यांचं राहिलं. व्ही६००ई एकट्याने चालू राहू शकतं आणि वेमुराफेनिब त्या एकट्यावर छान बसतं. पण ईजीएफआरने आरएएस जागं केलं की आरएएफ जोडीने काम करायला लागतं, आणि जोडीत एकावर औषध बसलं की दुसऱ्यावर नीट बसत नाही, उलट दुसरा जास्तच चालू होतो. मेलॅनोमाच्या काही पेशंटना याच औषधावर त्वचेचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्वचेचा वेगळा कॅन्सर) व्हायचा तो यामुळेच, त्या पेशींत बीआरएएफ नॉर्मल पण आरएएस बऱ्याचदा आधीच बिघडलेलं. सोबत एमईके इन्हिबिटर (एमईके अडवणारं औषध) दिलं की हे प्रमाण बरंच कमी होतं.

मेघदूत_२२
आत्ता कळलं!! मग आतड्याच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर पण सोबतच अडवलं तर? पेशंटमध्ये कुणी केलंय का?

पेशीवेडा
केलंय. बीकन ट्रायल, निकाल २०१९ चे. एन्कोराफेनिब बीआरएएफवर आणि सेटुक्सिमॅब ही अँटिबॉडी ईजीएफआरवर. गाठी आकसण्याचं प्रमाण २० टक्के, आधीच्या नेहमीच्या उपचारात २ टक्के होतं. मेडियन आयुष्य (निम्मे पेशंट जेवढं तरी जगले तेवढा काळ) ५.४ महिन्यांवरून ८.४ वर. २०२० मध्ये एफडीएची (अमेरिकेतली औषध नियामक संस्था) मान्यता मिळाली. तीन महिने ऐकायला कमी वाटतात आणि आहेतच कमी, पेशी नंतर आरएएसमध्ये नवं म्युटेशन वगैरे आणून निसटतात, पण वेमुराफेनिब एकटं जिथं हरलं होतं तिथं हे झालं.
केआरएएस (आरएएसचा एक प्रकार) मधल्या जी१२सी म्युटेशनचं पण तेच बघ. त्यावरच्या सोटोरासिब या औषधाला फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ३७ टक्के प्रतिसाद, आतड्यात जेमतेम १०. तिथंही आता पॅनिटुमुमॅब ही ईजीएफआरवरची अँटिबॉडी जोडून देतात, म्हणजे परत ईजीएफआरच.

सूक्ष्मदर्शी
एक गोष्ट स्लाइडवर नक्की टाक. २०२२ मध्ये एफडीएने डाब्राफेनिब (बीआरएएफवर) आणि ट्रामेटिनिब (एमईकेवर) ही जोडी व्ही६००ई असलेल्या घन गाठींसाठी, अवयव कुठलाही असो, मान्य केली, अर्थात दुसरा चांगला पर्याय उरला नसेल तर. त्यातून आतड्याचा कॅन्सर मात्र नाव घेऊन वगळलाय. परीक्षक विचारतीलच का वगळला, उत्तर वर दोघांनी दिलंय.